मंडईतल्या कंबरदुखीचे मोजमाप

स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्यात पुनर्वसनाचा गुण आला की नाही, हे क्ष-किरण चित्रावरून ठरत नाही. रुग्णालाच विचारावे लागते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत, १८८६पासून उभ्या असलेल्या त्या दगडी वास्तूत, हे विचारणे किती नाजूक आहे ते मला फिजिओथेरपीच्या कामातून उमगले.

सर्वांत सोपे माप शून्य ते दहा या आकड्यांचे. त्यात साधारण दोन अंकांची घट झाली, तर रुग्णाला खरा फरक पडला असे धरतात. पण गाळ्यावरची मावशी उपचाराआधी सात सांगते आणि नंतरही सातच. मधल्या काळात काय झाले? भाजीची पाटी उतरवायला तिला पोराला हाक मारावी लागे, आता ती स्वतः उतरवते. कंबर मोकळी झाली तसे काम वाढले आणि आकडा जागचा हलला नाही. नुसत्या आकड्यावर जाणारा संशोधक इथे उपचार फसला असे लिहील, आणि ते तिच्यावर अन्यायाचे ठरेल.

१९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्वेस्ट्री या कंबरदुखीच्या प्रश्नावलीचे दहा विभाग हालचालींबद्दल अधिक सांगतात. तरी बसण्याच्या विभागात खुर्चीची चौकशी आहे. मंडईत दिवस ओट्यावर मांडी घालून जातो. तिथे १९९५ची रुग्णनिष्ठ कार्यक्षमता श्रेणी जास्त जुळते. अडणारी कामे रुग्णच सांगतो: हमाल म्हणतो, पोते घेऊन पायऱ्या चढणे, मावशी म्हणते, हात न टेकता ओट्यावरून उतरणे. मुळीच जमत नसेल तर शून्य, पूर्वीसारखे जमले तर दहा. मात्र प्रत्येकाची कामे वेगळी, त्यामुळे दोघांची तुलना होत नाही. म्हणून संशोधनात सर्वांना सारखी प्रश्नावली आणि ही श्रेणी, दोन्ही मापे लागतात.

वेळही सांभाळावी लागते. सकाळी माल लावतानाचे दुखणे आणि दुपारच्या विसाव्यातले दुखणे एक नव्हे. शिवाय माणूस येतो तो कळ असह्य झाल्यावर. त्यातली काही आपोआपच ओसरते. तुलनेचा गट नसेल, तर ते श्रेय उपचाराला जाते. बरे झालेले आणि कंटाळलेले, दोघेही पुन्हा फिरकत नाहीत. त्यांना गाळ्यावर जाऊनच विचारावे लागते.

आणि ओझे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा आहे; पुण्यात हमाल पंचायतीने पोत्याचे वजन उतरवण्यासाठी लढा दिला. व्यायाम तोच असला, तरी शंभर किलो आणि पन्नास किलो उचलणाऱ्यांचे निकाल एका रकान्यात बसत नाहीत. त्यामुळे गुणांशेजारी ओझ्याचे वजनही नोंदवायलाच हवे.