युझर एरर

पहिल्या नोकरीत मी एक तिकीट 'युझर एरर' असं लिहून बंद केलं होतं. तशी शेकड्यांनी केली असतील. हे एकच लक्षात राहिलंय, आणि त्याला कारण ब्रिटनचं पोस्ट ऑफिस.

२०२४च्या जानेवारीत तिकडे या प्रकरणावर टीव्ही मालिका आली आणि देशभर गदारोळ झाला. मीही वाचत सुटलो. १९९९पासून ब्रिटनच्या पोस्टाने गावोगावच्या शाखांमध्ये 'होरायझन' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. बनवणारी कंपनी आयसीएल, म्हणजे पुढची फुजित्सु. शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर पोस्टाचे नोकर नव्हते. बहुतेकांचं छोटं दुकान आणि त्यातच पोस्टाची खिडकी. हिशेबात तूट आली की करारानुसार ती त्यांनीच भरायची, असं पोस्टाचं म्हणणं.

होरायझन आलं आणि तुटी दिसायला लागल्या. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना एकच उत्तर मिळायचं: बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच आहे. ब्रिडलिंग्टनच्या ली कासलटन यांनी ९१ फोन केले. तूट साधारण २५ हजार पौंडांची. पोस्टाने दावा लावला, ते हरले, खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंड डोक्यावर आले आणि दिवाळं निघालं. सीमा मिश्रा यांना २०१०मध्ये तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या. असे ९००हून जास्त लोक दोषी ठरले. त्यातले ७००च्या आसपास खटले खुद्द पोस्टानेच चालवलेले!

आणि १९९९च्या एका कायद्यानंतर इंग्लंडच्या कोर्टाचं गृहीतक असं, की संगणक बरोबरच चालतोय. नसेल तर आरोपीने तसं दाखवावं. म्हणजे ज्याने कोड कधी पाहिलाही नाही, त्याने बग शोधून द्यायचा. आम्हाला लॉग्ज हाताशी असून दोन-दोन आठवडे सापडत नाही.

अ‍ॅलन बेट्स नावाच्या सबपोस्टमास्तरने हे सगळं लावून धरलं. ५५५ जणांचा दावा २०१९मध्ये त्यांच्या बाजूने लागला. ती हकिगत तुम्ही वाचालच. मी अडकलो एका बगपाशी. २०१५मध्ये स्कॉटलंडच्या डालमेलिंग्टनला रोख रकमेची नोंद करताना स्क्रीन गोठला. समोरच्या माणसाने पुन्हा पुन्हा एंटर दाबलं. ८ हजार पौंड चार वेळा नोंदले गेले आणि २४ हजारांची तूट उभी राहिली. शोधल्यावर कळलं, २०१०पासून हे शंभराहून जास्त वेळा घडलं होतं.

हा बग मी लिहिलेला आहे.

म्हणजे तो नव्हे, त्याचा भाऊ. आमची कंपनी पतसंस्थांसाठी पिग्मीचं अ‍ॅप बनवायची. एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, अ‍ॅपमध्ये नोंदवतो, संध्याकाळी रोकड भरतो. एका तालुक्याच्या गावातल्या एजंटची तक्रार आली: अ‍ॅप जास्त दाखवतंय, पिशवीत कमी आहेत. मी माझ्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर करून बघितलं. नीट चाललं. तिकीट बंद.

आठ महिन्यांनी लोकलमध्ये, रेंज जात-येत असताना, टेस्टिंग करताना मी 'जमा' दोनदा दाबलं आणि दोन नोंदी झाल्या. एकाही ग्राहकाने कळवलं नव्हतं. खात्यात जास्त जमा झाल्याची तक्रार कोण करतं? दुरुस्ती तासाभराची होती. रिलीज नोटमध्ये लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. जुन्या नोंदींचं काय, असं मॅनेजरला विचारलं. "कुणी विचारलं तर बघू," ते म्हणाले. मी गप्प बसलो.

त्या एजंटने एकदा माझ्या नंबरवर फोन केला होता. नंबर 'पिग्मी काका' म्हणून सेव्ह होता. मार्चमधल्या एका रविवारी लावला. ओळख द्यायला वेळ लागला.

"एकवीसशे पन्नास होते साहेब," ते म्हणाले. मी आकडा विचारलाही नव्हता.

मी म्हणालो, "काका, चूक आमच्या अ‍ॅपची होती. गूगल पे याच नंबरवर आहे का? मी पाठवतो."

"पैसे मी तेव्हाच भरले. ते काम पण सोडलं." मग जरा थांबून, "तुम्ही असं करा, चेअरमनसाहेबांना तेवढं लिहून पाठवा. मी खाल्ले नव्हते म्हणून."

माझ्याकडे लेटरहेड नव्हतं, ती कंपनीही मी सोडली होती. साध्या कागदावर हाताने लिहिलं. 'आयडेम्पोटन्सी' चेअरमनला कशी सांगायची यात अर्धा तास गेला. शेवटी 'एकाच रकमेची दोनदा नोंद' असं लिहिलं. खाली नाव, सही, मोबाइल नंबर. सोमवारी ऑफिसला जाताना रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पावतीचा फोटो काकांना व्हॉट्सॲप केला. दोन निळ्या टिका आल्या. चेअरमनचं उत्तर अजून आलेलं नाही.