कलमं मोजायला यायचे ते दिवस

शहाडचा पूल ओलांडला की कल्याण संपायचं, तेव्हाची गोष्ट. मुरबाडकडे काकांच्या गावात सरकारी अनुदान पहिल्यांदा दिसलं ते खड्ड्याच्या रूपात. 1990 मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि जिथे भाताच्या राबासाठी पालापाचोळा आणि गवत एवढंच मिळायचं, त्या वरकस माळावर कुदळी वाजू लागल्या. खड्डा मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. दोन खड्ड्यांत दहा मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी 100 आंबे. मे महिनाभर खड्डे उन्हात तापू द्यायचे, मग माती आणि शेणखताने भरायचे. गावातल्या बायका खणायला, मस्टरवर त्यांची हजेरी.

कलम लावलं की पैसे मिळाले, असं नव्हतं. पुढच्या वर्षी कृषी खात्याचे साहेब येऊन जगलेली कलमं मोजायचे. म्हणून काकूने प्रत्येक कलमाशेजारी मडकं पुरलेलं. त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. एप्रिलच्या उन्हात ती हंडा घेऊन एकेक मडकं भरत जायची. कागदावरच्या बागांना फळं धरण्याचे किस्से तेव्हाही ऐकू यायचेच, नाही असं नाही. पण काकांचा माळ हिरवा झाला, हे खरं.

जगलेली झाडं मोजून पैसे देण्याची ती रीत सरकारदरबारी आजही आहे. 2018 पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जगलेली हवीत. पण पारावर विषय वेगळाच. "हप्ता पडला का?" पीएम किसानचे वर्षाला 6,000, 2023 पासून राज्याचे 'नमो'चे आणखी 6,000, दोन्ही दोन-दोन हजारांनी. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव, आधारला जोडलेलं खातं आणि ई-केवायसी लागते. बांध फुटलाय की धड आहे, हे बघायला कोणी येत नाही. अडल्या वेळी दोन हजार कामाला येतात, त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यातून माती धरली जात नाही.

आणि धरायला माती तरी कुठे उरली? इकडे डोंबिवलीत निळजे-खोणीच्या खाचरांत टॉवर उभे राहिले. खाडीकाठची कथा आणखी विचित्र. खारभूमीचे बांध राखायला 1948 मध्ये कायदा झाला, सरकारी पैसा मिळू लागला. पुढे जिथे उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती बुजवली गेली नाही, तिथे खारं पाणी शिरून तिवरं वाढली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घातली, खासगी जमीन असली तरी. पूर थोपवणारी झाडं वाचली, उत्तम झालं. पण सातबाऱ्यावर नाव असूनही मालकाला तिथे भात लावता येत नाही.

पीक न घेण्याचे पैसे देणारीही एक योजना आहे, अमेरिकेत, 1985 पासून. धूप होणारी जमीन नांगराखालून काढून गवताखाली ठेवली, तर सरकार मालकाला 10 ते 15 वर्षं दरसाल भाडं देतं. काकांना हे सांगितलं तर ते खो-खो हसले. "पडीक ठेवायचे पैसे? आमच्याकडे रान एक वर्ष पडीक दिसू दे, एजंट गुंठ्याचा भाव घेऊन दारात हजर!"