चूल पेटली काय?

अमरावतीहून अकोल्याला परतताना गाडीत मानसिक आरोग्याच्या 'विश्राम' प्रकल्पाचा विषय निघाला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावचेच कार्यकर्ते ओट्यावर बसून विचारायचे: झोप लागते का, जेवण जातं का? गरज दिसली की समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे धाडायचे. 18 महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त ते छापून आलं. उरलेल्यांचं काय, हेच मला जास्त छळतं. नापिकी झाली की पंचनाम्याला माणूस येतो. झोपेचा पंचनामा कोण करणार? गावाकडच्या शेजारच्या काकू तेवढ्या, पऱ्हाटीतून येताना ओटीत बोंडं सावरत, दारात थबकतात, "काहो भाऊ, आज चूल नाही पेटली काय?" त्यांना मानधन कोणत्या योजनेत बसवायचं?