सैनिकाचं हृदय

सिक रिपोर्टला उभं राहणं कुठल्याच कॅडेटला आवडत नाही. ताप असेल तर थर्मामीटर साक्ष देतो, पाय मुरगळला तर सूज दिसते. पण "सर, छातीत दुखतंय" म्हणणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यात एनडीएचं मेडिकल. छातीचं काही कागदावर आलं की संपलं, असं आम्ही सहावीपासून एकमेकांना सांगत आलोय. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते कोणालाच माहीत नाही.

मला ते दुखणं दिवाळीच्या सुट्टीत घरी झालं. बाबा दिल्लीत सरकारी नोकरीत आहेत आणि आम्ही मुनिरका गावात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. गाव म्हणायचं एवढंच. एकमेकांना चिकटलेल्या इमारती, डोक्यावर तारांचं जाळं, खाली मोमोवाले आणि खोल्याखोल्यांतून स्पर्धा परीक्षांची मुलं. रात्री दोनलाही समोरच्या खिडकीत कोणीतरी वाचत असतं. मीही त्यांच्यातलाच झालो होतो. दहावीचं वर्ष, गणितात ८० पैकी ४१, आणि माझ्या फीसाठी बाबांनी काढलेलं कर्ज. घरात कोणी एका शब्दानं बोललं नव्हतं. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री अकराच्या सुमारास त्रिकोणमितीचं गणित सोडवताना छातीत डावीकडे कळ आली, सुई टोचल्यासारखी. श्वास घेतला की आणखी टोचायचं. मग श्वास भराभर चालू झाला, बोटांना मुंग्या आल्या, हृदय कानात वाजायला लागलं. क्षणभर मेडिकलचा विचार आलाच. पण मी आईला हाक मारली.

आमच्या गल्लीत ऑटो येत नाही. बाबांच्या खांद्यावर हात टाकून मुख्य रस्त्यापर्यंत आलो आणि तिथून सफदरजंग रुग्णालय गाठलं. हे रुग्णालय १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलं होतं, हे मला नंतर कळलं.

आधी ईसीजी काढला. डॉक्टरांनी बरगड्या दाबून पाहिल्या, मग प्रश्न सुरू झाले. धावताना दुखतं का? कधी चक्कर येऊन पडलास का? कळ हातात किंवा जबड्यात जाते का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? सगळ्याला नाही. थोड्या वेळानं दुसरा ईसीजी काढला. तोही नीट आला. तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, टेन्शन किस बात का है?" मला एकदम रडू आलं. बाबा शेजारीच उभे होते.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला आवडलं, कारण त्यांनी "काही नाही झालं" असं म्हटलं नाही. दुखणं खरंच होतं. ताणामुळे श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात आणि छाती आवळते. बरगड्यांमधले स्नायूही दुखतात. हळू श्वास घ्यायचा, सोडताना आणखी हळू. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावायची नाही. दुखणं खरोखर हृदयाचं किंवा फुप्फुसाचं असेल तर तीच घातक ठरते. आणि ताण आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, तपासणी करून ठरतं. मी मेडिकलचं विचारलं. "हृदय ठीक आहे असं या कागदावर आलंय. हा कागद तुझ्याच बाजूचा आहे," ते हिंदीत म्हणाले. माझे बारीक कापलेले केस पाहून त्यांनी शाळेची चौकशी केली आणि हसून म्हणाले, "सोल्जर्स हार्ट."

शाळेत परतल्यावर ते शोधून वाचलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांकडे छातीत दुखणारे, धडधड होणारे सैनिक येत. तपासलं तर हृदयात बिघाड सापडत नसे. १८७१ मध्ये त्यांनी अशा ३०० सैनिकांवर लेख लिहिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात तेच दिसलं. थॉमस लुईस यांनी अशा सैनिकांना नुसतं झोपवून न ठेवता हळूहळू वाढवत नेलेली कवायत दिली आणि कित्येकजण पुन्हा कामावर गेले. या दुखण्याचं मूळ चिंतेत आहे, असं १९४१ मध्ये पॉल वुड यांनी मांडलं. ते सैनिक घाबरट नव्हते. लढाईवरून आलेले होते.

पहाटे तीनला ऑटोतून घरी येताना बाबा बाहेर बघत म्हणाले, "मलाही असं व्हायचं. ताईच्या लग्नाच्या वर्षी. अजूनही जिना चढताना कधीकधी होतं."

आई म्हणाली, "मला बोलला नाहीत कधी."

"त्यात काय बोलायचं? टेन्शन असणार."

बाबा ५२ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता, श्रम करताना दुखतं का. माझं उत्तर नाही होतं, बाबांचं हो. मी तसं म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत, पण आईनं ऐकलं.

त्याच सकाळी आई त्यांना ओपीडीत घेऊन गेली. मीही गेलो, गणिताची वही घेऊन. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. गोळी त्याच दिवशी सुरू झाली आणि हृदयाच्या पुढच्या तपासण्यांची तारीख मिळाली.