ऐकणारं दार

अमेरिकेतल्या उपनगरी घराला पुढे एक देखणं दार असतं आणि त्यातून बहुतेक वेळा पाहुणे आणि पार्सलंच आत येतात. घरची माणसं गॅरेजमधून शिरतात. आमच्या न्यू जर्सीतल्या घरीही तसंच. चपला गॅरेजमध्ये, तांदळाची पोती गॅरेजमध्ये, मासे तळायची जादा शेगडीही तिथेच, कारण स्वयंपाकघरात तळले तर स्मोक अलार्म बोंबलतो आणि वास पडद्यांत मुरतो. म्हणजे आमचा खरा उंबरठा ते सोळा फुटी दार, आणि त्याची किल्ली गाडीच्या सन व्हायझरला अडकवलेली करडी डबी. ती रुसली की बाहेरच्या ड्राइव्हवेवर भाजीच्या पिशव्या घेऊन तिष्ठावं लागतं.

रुसण्याची कारणं बहुधा क्षुल्लक निघतात. नाण्याएवढा सेल संपलेला असतो. किंवा आतल्या भिंतीवरच्या फलकावरचं कुलपाचं बटण कुणाकडून तरी दाबलं गेलेलं असतं. मग रिमोट एकजात मुके. पाहुण्यांची मुलं येऊन गेली असतील तर मी आधी तेच बघते. दार उघडतं, पण मिटता मिटता पुन्हा वर जातं, अशी तक्रार असेल तर रिमोट निर्दोष आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण सहा इंचांवर दोन डोळे बसवलेले असतात, त्यांच्यामध्ये झाडू आडवा आलाय, कोळ्यानं जाळं विणलंय किंवा उतरतं ऊन थेट त्यांच्यात शिरतंय. पूर्वी दाराखाली सापडून मुलं दगावली, म्हणून १९९३पासून इथे बनणाऱ्या घरगुती यंत्रांना असं काही संरक्षण सक्तीचं झालं. त्या डोळ्यांचा वैताग आला तरी त्यांना फसवायच्या युक्त्या करू नयेत.

खरी गंमत दिव्याची. मोटरच्या डब्यात उजेडासाठी बल्ब असतो. तिथे स्वस्तातला एलईडी लावला, तर त्याच्या आतलं सर्किट रेडिओलहरींचा बारीक गोंगाट करतं, नेमका रिमोटच्या पट्ट्यात. दाराचा स्वतःचाच दिवा त्याला बहिरं करतो. रस्त्यावरून चालणारा रिमोट मग दाराला नाक लावल्याशिवाय चालत नाही. माणसं नवा रिमोट मागवतात, तोही तसाच वागतो. बल्ब काढून बघावं, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

गोंगाट कुठूनही येऊ शकतो. २००४मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर नवी रेडिओ यंत्रणा तपासायला घेतली आणि आसपासच्या वस्तीतले रिमोट निकामी झाले. सैन्याचा पट्टा ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा, आणि कित्येक रिमोट ३९०वर बोलणारे. तक्रारीला वाव नव्हता. तो पट्टा मुळात सैन्याचा. रिमोट हे बिनपरवान्याचे भाडेकरू, आणि नियमच सांगतो की त्यांनी अडथळा करायचा नाही, आला तर सोसायचा. एवढी बलाढ्य फौज, आणि तिच्यामुळे लोक गाडीतून उतरून हातानं दारं उचलताहेत, हे चित्र मला फार आवडतं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "हे दुसऱ्या कुणाच्या रिमोटनं उघडत नाही ना गं?"

पूर्वी उघडायचं. विजेवर उघडणारं असं दार इंडियानातल्या सी. जी. जॉन्सननं १९२६मध्येच आणलं होतं, पण सुरुवातीचे रिमोट सगळे एकच हाक मारत, आणि शेजाऱ्यानं मारलेली हाक आपल्याही दाराला ऐकू येई. मग आठ-दहा-बारा इवल्या खटक्यांचे संच आले. बारा खटके, प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे ४,०९६ संकेत. भरपूर वाटतात. पण २०१५मध्ये सॅमी कामकार नावाच्या संशोधकानं मुलींसाठी बनवलेलं एक गुलाबी संदेशयंत्र, खेळण्यातलं, नव्यानं प्रोग्रॅम केलं आणि असं दार दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवलं. कारण ती दारं संकेत कुठे सुरू झाला हे बघतच नव्हती. कानावर पडणाऱ्या ओळीतले कुठलेही लागोपाठचे बारा ठोके जुळले, की उघड.

आकडेमोड ऐकता ऐकता आईचे डोळे मिटायला लागले. मग मी म्हटलं, "यमाताराजभानसलगा."

तिनं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. डोळे खाडकन उघडले. यमाता हा य गण, मातारा हा म, ताराज हा त. एकेक अक्षर पुढे सरकत गेलं की लघुगुरूंचे आठही गण दहा अक्षरांत सापडतात. सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागली असती. डच गणिती द ब्रॉइन यानं १९४६मध्ये अशा रचनांवर निबंध लिहिला, त्याचं नाव त्यांना चिकटलं. कामकारनं वापरली ती हीच गुंफण, तीनाऐवजी बाराची: सुटे पाठवले असते तर एकोणपन्नास हजारांवर ठोके, गुंफल्यावर ४,१०७.

"म्हणजे त्या दाराला यतिस्थान कळत नव्हतं म्हण की," आई म्हणाली. इतकं नेमकं निदान मी कुठल्या इंजिनिअरकडून ऐकलेलं नाही.

आताचे रिमोट दर वेळी वेगळा संकेत बोलतात. दोघांनी दोन खोल्यांत बसून एकाच माळेवर जप करावा, तसं रिमोट आणि मोटर आपापल्या जागी मोजत असतात. रिमोट थोडा पुढे गेला तर चालतं, झालेला मणी पुन्हा चालत नाही. फारच पुढे गेला तर नव्यानं ओळख करून द्यायची. शिडीवर चढायचं, मोटरवरचं 'लर्न' बटण दाबून सोडायचं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रिमोट दाबायचा. दिवा लुकलुकला की ओळख झाली. त्या बटणाचा रंग आधी बघावा. चेंबरलेन कंपनीच्या यंत्रांवर पिवळं म्हणजे २०११नंतरची पिढी, जांभळं त्याआधीची, आणि चुकीच्या पिढीच्या रिमोटला शिकवणी देणं व्यर्थ. गाडीत बसवलेल्या बटणांत लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी: बटण रिमोटकडून भाषा शिकतं, पण दारानं गाडीला अजून पाहिलेलंच नसतं. शिडी चुकत नाही.

जुनं घर विकत घेतलं, तर हे वास्तुशांतीच्या आधी करावं. किल्लीबरोबर दोन रिमोट मिळतात. आधीच्या मालकांनी आणखी कुणाकुणाला दिले होते ते दाराला ठाऊक, आणि ते सांगत नाही. 'लर्न' बटण सहाएक सेकंद, दिवा विझेपर्यंत, दाबून धरलं की सगळी ओळख पुसली जाते. आम्ही तसं केलं, मग एकेक गाडी शिकवली. आई रिमोट जवळ बाळगायला तयार नव्हती, तिच्यासाठी बाहेर आकड्यांचा फलक लावला. आपला चार आकडी संकेत ती समोरच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या खड्या आवाजात, एकेक आकडा उच्चारत दाबते, आणि त्यावर अजून कुठल्या कंपनीला इलाज सापडलेला नाही.