वावर डाव्या हाताला

दहावीपर्यंतच्या गणिताच्या पुस्तकाला शेवटी उत्तरसूची असते. मुलं आधी ती उघडतात, मग उदाहरणाकडे वळतात, आणि दोन्हींची गाठ पडली की वही मिटतात. बीएस्सीला गणित घेतलं की ही उत्तरसूची जाते. जाते कुठे, तर थेट प्रश्नातच येऊन बसते. ‘दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, हे सिद्ध करा.’ उत्तर सांगून टाकलंय, आता तुझं काय ते बोल. बारावीला नव्वदच्या वर गुण पडलेली पोरं इथे सगळ्यांत जास्त बावचळतात. ‘सर, यात सोडवायचं का आहे?’ असं दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच. पुढच्या तीन वर्षांत याहून चांगला प्रश्न ती क्वचितच विचारतात.

मी मूलला बीएस्सीच्या मुलांची शिकवणी घेतो. मूल हे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या साधारण मधोमध असलेलं, राईस मिलांचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं एसटीनं येतात, काही गोंदिया-बल्लारशा लाइनवरच्या गाडीनं मूल मारोडा स्टेशनावर उतरतात. संध्याकाळची शिकवणी मी ठेवत नाही. जंगलातल्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर सायकल चालवणं म्हणजे काय, हे या तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ताडोब्याची हद्द नकाशावर आहे, आणि वाघाला नकाशा येत नाही.

आमच्या वेळी पेपर नागपूरहून यायचे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं, आता नव्या धोरणाचं मेजर-मायनर आलं, तीन वर्षं की चार याचा घोळ आला. चढ मात्र तोच आहे. सुरुवातीला कॅल्क्युलस, मधे केव्हातरी डिफरन्शियल इक्वेशन, आणि दम लागायला आला की ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रा.

अभ्यासाचं वेळापत्रक मात्र विद्यापीठाच्या हातात नाही. रोवणी लागली की वर्ग अर्धा होतो. चिखलात दिवसभर वाकलेल्या पोराला संध्याकाळी वही उघड म्हणणं बरं दिसत नाही. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडईमागून झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं, नेमकी हिवाळी परीक्षेच्या तोंडावर. उन्हाळी परीक्षा येते ती तेंदूपत्त्यासोबत. पहाटे घरची सगळी माणसं जंगलात, दुपारी ओसरीत पानं जुळवून पुडके बांधायचे, संध्याकाळी ते खरेदीच्या फळीवर न्यायचे. महाराष्ट्रात सत्तर पानांचं एक पुडकं आणि हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग. घरची म्हातारी बोलता बोलता सत्तर पानं बिनचूक मोजते. बोटं मोजत असतात, तोंड भलतंच काही सांगत असतं.

ॲब्स्ट्रॅक्ट अल्जेब्रातली रिंग शिकवायची वेळ आली की पुस्तकं घड्याळ काढतात. बारा वाजले की काटा पुन्हा पहिल्या जागी. मी घड्याळ केव्हाच सोडलं, पुडकं घेतलं. पुडक्याच्या हिशेबात फक्त हातात उरलेली पानं मोजायची. पुडकं भरलं की ते बाजूला, हात रिकामा. आता सात-सात पानांच्या दहा मुठी घ्या. हातात काय उरलं? काहीच नाही. म्हणजे सात शून्य नाही, दहाही शून्य नाही, पण दोघांचा गुणाकार शून्य! आयुष्यभर जे पाठ केलं, की गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे, ते इथे मोडून पडतं. आणि पुडकं एकाहत्तर पानांचं असतं तर हे कधीही घडलं नसतं, कारण एकाहत्तर ही मूळ संख्या. हे मी एकदा रंगात येऊन सांगत होतो. मुलीला न्यायला आलेल्या एक बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘एकाहत्तर कोन बांधते जी? ठेकेदाराले एक पान फुकट!’ मुद्दा बिनतोड होता.

पहिल्या वर्षातला खरा घाट म्हणजे लिमिटची व्याख्या. समोरच्यानं कितीही लहान एप्सिलॉन द्यावा, आपण त्याला पुरेल असा डेल्टा काढून दाखवायचा. एकाच एप्सिलॉनसाठी दाखवून भागत नाही, जो जो येईल त्याच्यासाठी दाखवायचा. सरकारी खिडकीपुढे रांगेत उभं राहिलेल्याला ही व्याख्या लवकर कळते. खिडकीतला माणूस जितका बारीक कागद मागेल, तितका बारीक कागद आपल्या पिशवीतून निघाला पाहिजे. मागायची पाळी आधी त्याची, काढायची पाळी नंतर आपली. हा क्रम उलटवला की अर्थच पालटतो. आपण आधीच एक डेल्टा धरून बसलो आणि तो एप्सिलॉन लहान लहान करत गेला, तर परत जा आणि पुढच्या सोमवारी या.

‘सिद्ध करा’ हे दोन शब्द या दोन जिल्ह्यांना नवीन नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हापासून इथली माणसं तेच करत आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. वैयक्तिक दाव्यांच्या गोष्टी लहान आणि लांबट असतात. जो आदिवासी नाही त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, इथलं राहणं आणि या जंगलावर जगणं दाखवावं लागतं. ज्या आज्यानं कधी कागदाला हात लावला नाही, त्याचा कागद शोधायचा. कायद्यानं त्यावर तोडही ठेवली आहे. जमीन सपाट करून घातलेले बांध हा पुरावा, वंशावळ हा पुरावा, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा.

इथे मला कायदा गणितापेक्षा मायाळू वाटतो. गणितात वडीलधाऱ्यांच्या शब्दाला काडीची किंमत नाही. गाउस म्हणाले, ऑयलर म्हणाले, एवढ्यानं भागत नाही. पण याच कोरडेपणाची दुसरी बाजू माझ्या मुलांना मी पुन्हा पुन्हा दाखवतो. कायदा तुम्हाला विचारतो, तुम्ही कोण, कुठले, किती पिढ्यांचे? सिद्धता हे विचारत नाही. तिला शिक्का लागत नाही, साहेबाची सही लागत नाही, आडनाव लागत नाही. पहिल्या ओळीवरून दुसरी निघते का, दुसरीवरून तिसरी निघते का, एवढंच पाहायचं, आणि ते पाहायचा अधिकार मागच्या बाकावरच्या पोरालाही आहे. फळ्यावरची माझी ओळ त्यानं अडवली तर मला थांबावं लागतं. ज्या मुलाला तालुक्याच्या कुठल्याही खोलीत खुर्चीवर बस असं कोणी म्हटलेलं नाही, त्याला हे पहिल्यांदा उमगतं तेव्हा तो जरा उद्धट होतो. होऊ द्यावा.

ऑयलरचं नाव निघालं म्हणून सांगतो. सहा पलटणींचे, प्रत्येकी सहा हुद्द्यांचे असे छत्तीस अधिकारी सहा-सहाच्या चौकोनात असे उभे करा, की प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. ऑयलरला ते जमेना. सहाला जमत नाही, तसंच दहाला, चौदाला, अठराला आणि त्या ओळीतल्या पुढच्या कुठल्याच संख्येला जमणार नाही, असा अंदाज त्यानं १७८२ मध्ये छापून टाकला. सहापुरता तो बरोबर होता, हे १९०१ मध्ये गास्तों तारी यानं सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. पुढचं मात्र पावणेदोनशे वर्षं तसंच पडून राहिलं. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि शरच्चंद्र श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन मांडून दाखवला, अर्नेस्ट पार्कर यानं दहाचा, आणि तिघांनी मिळून दाखवलं की सहानंतर ऑयलर प्रत्येक ठिकाणी चुकला होता. न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर घेतली. यातले श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजातून बीएस्सी झाले होते, म्हणजे ज्या विद्यापीठाची माझी पदवी, त्याच विद्यापीठातून. ते २०२० मध्ये, शंभरी ओलांडून गेले. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलांना पहिल्या पानाचं अप्रूप वाटतं. मला त्या बावीसच्या चौकोनाचं वाटतं. ऑयलरसारख्या माणसाला खोटं ठरवायला ना सभा लागली, ना ठराव. नीट मांडलेला एक चौकोन पुरला.

‘पन हे सिकून का होते जी?’ हा प्रश्न पालकांचा. तो टाळण्यात अर्थ नाही. गणिताच्या पदवीवर या भागात फार काही होत नाही. काही बीएड करतात, एखाददुसरा एमएस्सीला नागपूर गाठतो, काही बँकेच्या परीक्षा देत राहतात. बरेच वनरक्षकाच्या भरतीला बसतात. तिला बारावी पुरते, मग मुलांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. पहाटे रस्त्यावर घाम गाळणाऱ्यांत मला माझे विद्यार्थी दिसतात. ज्यानं आदल्या दिवशी युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची सिद्धता न अडखळता मांडली, त्याच्या छातीचा घेर उद्या कोणीतरी टेपनं मोजणार असतो. मला यात विनोद दिसत नाही आणि शोकांतिकाही दिसत नाही. पगार हा पगार असतो. पण तीन वर्षं वाया गेली असं त्यांच्यापैकी कोणी म्हणालं, तर मी भांडतो.

भांडायला माझ्याकडे ग्रीनचं प्रमेय आहे. वनहक्काच्या दाव्यासाठी जमीन मोजायला माणसं येतात तेव्हा त्यांच्या हातात एक छोटं जीपीएस यंत्र असतं. ते घेऊन वावराच्या कडेकडेनं एक फेरी मारायची. फेरी पुरी झाली की पडद्यावर क्षेत्रफळ उमटतं. आत कोणी पाऊल टाकलेलं नसतं. वाकड्यातिकड्या बांध्यांचं, कोनाकोपऱ्यांचं क्षेत्र नुसत्या कडेवरून कसं कळतं? गावकऱ्यांना यात काही तरी लबाडी वाटते, आणि वाटलीच पाहिजे. कडेवरून चालत जे मोजलं, त्यातून आतलं सगळं मिळतं, हेच ते प्रमेय. परीक्षेला दहा गुणांना येतं, मुलं ते पाठ करून उतरवतात आणि हॉलबाहेर विसरतात. एका मुलानं ते आपल्या आजोबांना अंगणात काडीनं रेघा ओढून पटवलं, असं त्यानं मला सांगितलं. आजोबांनी शेवटी मान हलवली की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

आणि हा जॉर्ज ग्रीन कोण, तर नॉटिंगहॅमजवळचा गिरणीवाला. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा, मग बापाची पवनचक्की आणि पिठाची पोती. १८२८ मध्ये त्यानं वर्गणीदारांच्या पैशावर वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध छापला. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कळला नसावा. मग वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १८३३ मध्ये, तो पदवीसाठी केंब्रिजला गेला आणि आपल्या निम्म्या वयाच्या मुलांच्या रांगेत बसला. पदवीचा अभ्यासक्रम ज्याच्या कामावर उभा राहायचा होता, तोच पदवी घ्यायला आलेला! प्रमेयाचं आज आपण शिकवतो ते रूप नंतरच्यांनी घडवलं, पण नाव त्याचंच राहिलं. मूलसारख्या गिरण्यांच्या गावात हा माणूस मला परका वाटत नाही.

मागे ग्रीन शिकवत असताना दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ‘सर, मंधात बोडी असली तं?’

प्रश्न पुस्तकातला होता, फक्त पुस्तकात बोडी नव्हती, नुसतं भोक होतं. मी फळ्यावर वावर काढलं, मधे बोडी, म्हणजे लहानसं तळं, काढली. बाहेरच्या कडेनं एक फेरी मारायची, मग बोडीच्या कडेनं दुसरी, पण ही उलट दिशेनं. उलट का, तर दोन्ही वेळी वावर आपल्या डाव्या हाताला राहिलं पाहिजे. बाहेरून चालताना डावीकडे, बोडीभोवती चालतानाही डावीकडे. दोन्ही फेऱ्यांची बेरीज केली की बोडीचं पाणी आपोआप वजा होतं. तिला ते आवडलं. तिनं वहीत बाण काढले.

मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘पन धुऱ्याच्या कोनत्या कडेनं चालाचं?’

गणितातल्या कडेला रुंदी नसते. इथल्या धुऱ्याला असते, कुठे हातभर, कुठे दोन हात, आणि त्यावर तूर लावलेली असते. यंत्र घेऊन धुऱ्याच्या आतल्या अंगानं चालायचं की बाहेरच्या? मधोमध चाललं तर तूर कोणाची? ग्रीनकडे याचं उत्तर नाही. वर्गात नेमकी एकाच शिवारातली दोन पोरं होती, एकमेकांना लागून वावर असलेली. त्यांनी माझ्याकडे पाहणं सोडून दिलं.

‘समजा,’ पहिला उठून म्हणाला, आणि त्याचं ते ‘समजा’ अगदी दोनच्या वर्गमुळाच्या सिद्धतेतलं होतं, जे नाकारायचं तेच आधी कबूल करणारं. ‘समजा तूर तुमची आहे. तं मागच्या साली आमी कापली, तेवा तुया बाप काहून नाही बोलला?’

‘बोलला होता ना बे,’ दुसरा म्हणाला. ‘तूच नव्हता तिथं.’