पुणतांब्याची चाल

जळगांवाहून मनमाडमार्गें पुण्यास जातांना वाटेंत गोदाकांठचें पुणतांबें लागतें. तापीपूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें देऊळ पाहत वाढलेल्या आम्हां खानदेशी लोकांस तें ठाऊक असतें चांगदेवाच्या समाधीमुळें. याच गांवीं १२ जानेवारी १९१८ रोजीं रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, जन्मले, हें आम्हांस फार उशिरां कळलें. निमित्त झालें एका वरातीचें.

१९७८ सालीं धुळ्यास आमच्या बहिणीच्या वरातींत बँडवाल्यांनीं 'ईना मीना डीका' सुरू केलें. आम्ही नुकतेच पदवीधर. अर्थात् अभिरुचीचे रखवालदार! पुढें होऊन गरजलों, "हा विलायती धिंगाणा बंद करा. एखादें नाट्यपद वाजवा." म्हातारा क्लॅरिनेटवाला थबकला. "दादा, हाई चाल बी आपलाच मानूसनी बांधेल शे," एवढेंच बोलून तो निमूटपणें नाट्यपद वाजवूं लागला. नाचणारीं मुलें पांगलीं. बहिणीनें वळून आमच्याकडे पाहिलें. ती नजर आम्ही अद्यापि विसरलों नाहीं.

पुढें चौकशी केली, तों हे गृहस्थ विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य निघाले! १९३५ च्या 'नागानंद' चित्रपटांत ते नायक झाले. चित्रपट पडला, नायकही पडला. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें पेटी वाजविणें आलें. (पेटीवाल्याकडे कोणी पाहत नाहीं, पण सगळ्यांचें गाणें तोच ऐकत असतो.) मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'नें १९४२ सालीं हिंदीचें दार उघडलें. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखे जॅझवाले त्यांनीं जवळ केले, आणि १९५१ च्या 'अलबेला'नें देश नाचविला. १९५५ सालीं अमेरिकेंत बिल हेलीनें रॉक अँड रोलचा डंका पिटला. दोनच वर्षांत 'आशा' चित्रपटांत तो हिंदींतून वाजूं लागला. पोरांच्या खेळांतली बडबड हेंच तें गाणें, आणि त्यांत म्हणे एका गोवेकर सहायकानें कोंकणीची फोडणी दिली! 'अनारकली'च्या चाली बांधणारा हात तो हाच. आम्ही वरात थांबविली तेव्हां ते हयात होते. ५ जानेवारी १९८२ रोजीं गेले.

मध्यंतरीं बहिणीसह पुण्यास निघालों होतों. पुणतांब्यास गाडी मंदावली. "याच गांवचे ना ते?" असें विचारून तिनें खिडकीच्या गजावर बोटांनीं तोच ताल धरला. आम्ही या खेपेस हरकत घेतली नाहीं.